मारुती जिप्सी किंग: घरच्या घरी दुरुस्त करून उभी करायला कशी आहे?

घराच्या आवारात, साध्या पान्यांवर आणि ट्रॉली जॅकवर दुरुस्त करून उभी करता येईल अशी जुनी फोर बाय फोर शोधत असाल, तर जिप्सीच घ्या. महिंद्राची एमएम५४० जीप जास्त रांगडी आहे, यात वाद नाही. पण तिचं डिझेल इंजिन उतरवायचं म्हणजे चेनब्लॉक आला आणि तो टांगायला दणकट तुळई आली. जिप्सी सॉफ्ट टॉपचं वजन हजार किलोच्या आसपास. गिअरबॉक्स दोघं जण उतरवतात. बहुतेक बोल्ट १०, १२, १४, १७ आणि १९ च्या पान्यांनी सुटतात. दहा फूट बाय वीस फुटांची झाकलेली जागा आणि १५ अँपिअरचा सॉकेट एवढ्यात काम होतं.

पहिली जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली, ९७० सीसी इंजिन आणि चार गिअर घेऊन. १९९६ मध्ये जिप्सी किंग आली, तेव्हा १२९८ सीसी आणि पाच गिअर मिळाले, पण कार्ब्युरेटर कायम राहिला. २००० पासून १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन आलं, ताकद ६० वरून ८० बीएचपीवर गेली. घरी काम करायला ही शेवटचीच निवडावी. तिचं जी१३बीबी हे इंजिन मारुतीच्याच एस्टीम कारमध्येही होतं, त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेड गॅस्केट असं आतलं सामान सहज मिळतं. एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं आणि जिप्सीत उभं, त्यामुळे ऑइल संप आणि भोवतालचे ब्रॅकेट मात्र जुळत नाहीत. कोणी ‘एस्टीमचं अख्खं इंजिन जसंच्या तसं बसतं’ म्हणालं, तर ते इथे फसतं.

इंजिन मात्र शेवटी बघा. या गाडीत पैसा आणि वेळ खातो तो पत्रा. पत्रा धड असेल तर बंद पडलेली गाडीसुद्धा घ्यावी. पत्रा कुजला असेल तर इंजिन कितीही गोड चालू दे, परत फिरावं. कोकणात किंवा गोव्यात वर्षं काढलेली गाडी बघताना तर ही शिस्त मोडूच नका.

मॅट उचलून पुढे बसणाऱ्या दोघांच्या पायांखालचा फ्लोअर पाहा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला भद्द आवाज करतो. मग विंडशील्ड फ्रेमची खालची कड, मागच्या व्हील आर्चचे सांधे, टेलगेटची खालची घडी आणि बॉडी जिथे रबर बुशांवर चेसिसला बसते त्या जागा तपासा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चेसिस. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे वेल्ड केलेत तिथे आणि मागच्या आडव्या क्रॉस मेंबरमध्ये चिखल साचतो, पत्रा आतून सडतो आणि बाहेरून अंडरबॉडी कोटचा काळा थर छान दिसत राहतो. तो थर ताजा आणि जाड दिसला तर खरवडून बघू द्या म्हणून सांगा. विकणारा नको म्हणाला तर उत्तर मिळालं.

फ्लोअरचा तुकडा बदलणं घरी जमतं. १८ गेजचा, म्हणजे १.२ मिमीचा सीआर पत्रा घ्या. तयार पॅनल विकत घेणार असाल तर आधी व्हर्निअर लावून जाडी मोजा, पातळ पत्रा कधीच घेऊ नका. गंजाच्या कडेपासून निदान दोन इंच पुढे, जिथे चकचकीत धातू लागतो तिथे कापा. साधं आर्क वेल्डिंग इथे चालत नाही, भोकं पडतात. मिग (गॅसच्या आवरणात तार वितळवणारं) वेल्डिंग मशीन, ०.८ मिमीची तार, करंट ५० ते ७० अँपिअर, सीओटू मिनिटाला १० ते १२ लिटर. सलग ओळ ओढली की उष्णतेने फ्लोअर पापडासारखा वाकतो. म्हणून एक टाका या टोकाला, पुढचा त्या टोकाला, मग मध्ये. टाक्यांत सुरुवातीला इंचभर अंतर ठेवा, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या, मग मधल्या जागा भरा. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी, अल्टरनेटर आणि ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर काढायचा. पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवून लांब ठेवायची. गळकी टाकी घरी वेल्ड करायची नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.

नुसत्या रेड ऑक्साइडवर भरवसा ठेवू नका, तो पाणी धरून ठेवतो. वायर ब्रश, फॉस्फोरिक ॲसिडचा हात, पाण्याने धुऊन पूर्ण सुकवणं, मग दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सीम सीलर आणि सगळ्यात शेवटी अंडरकोट, हा क्रम ठेवा. ओल्या गंजावर अंडरकोट मारला की आतलं पाणी कोंडतं आणि दोन पावसाळ्यांत पत्रा पुन्हा जातो. हे काम मार्च ते मे या महिन्यांतच उरका. जुलैच्या दमट हवेत ॲसिडने धुतलेला पत्रा संध्याकाळपर्यंत पुन्हा पिवळा पडलेला असतो.

आता पुढचा ॲक्सल. जिप्सीचा सगळ्यात बदनाम दोष म्हणजे साठ-सत्तरच्या वेगाला, रस्त्यावरच्या एखाद्या खाचेवरून गेलं की स्टिअरिंग हातात थडथडायला लागतं, यालाच वॉबल म्हणतात. बरेच फिटर लगेच जाड स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा दांडा) बसवतात. आजार तसाच राहतो, लक्षण तेवढं दबतं. बहुतेक वेळा मूळ किंगपिन बेअरिंगमध्ये असतं. किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्या खुंट्यांवर डावी-उजवीकडे वळतं त्या.

तपासणी सोपी आहे. पुढचा ॲक्सल जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे. खेळ तसाच राहिला तर किंगपिन. एका मिनिटात निदान होतं.

किंगपिन उघडल्यावर वरखाली छोटी टेपर बेअरिंगं मिळतात. त्यांच्या बाहेरच्या कपात रोलरच्या आकाराच्या बारीक खाचा पडलेल्या असतील, नखाने जाणवतात, तर चारही बेअरिंगं बदला. किंगपिनखालच्या पातळ शिम (धातूच्या चकत्या) फेकू नका, कुठली कुठून निघाली ते लिहून ठेवा. बसवताना नकलचा (चाक धरून किंगपिनवर वळणाऱ्या भागाचा) मोठा गोल सील न लावता, टाय रॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून नकल ओढून पाहायचा. हलायला साधारण १ ते १.८ किलो ओढ लागली पाहिजे. कमी लागली तर शिम काढा, जास्त लागली तर घाला. भाजीवाल्याकडचा साधा स्प्रिंगचा काटा यासाठी पुरतो. एवढं मोजमाप टाळलं म्हणूनच ‘किंगपिन केलं तरी वॉबल जात नाही’ अशी तक्रार ऐकू येते. त्यानंतर टाय रॉड एंड, पाट्यांचे बुश, चाकांचं बॅलन्सिंग. डॅम्पर सगळ्यात शेवटी.

नकल उघडलाच आहे तर आतला ॲक्सल सील बदलल्याशिवाय बंद करू नका. हा सील गेला की डिफरन्शिअलचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरांचं) तेल नकलमध्ये उतरतं, तिथलं ग्रीस पातळ होतं आणि काळपट चिकट रस मागच्या गोलाकार सीलमधून बाहेर येतो. चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट धूळ दिसली तर हेच झालेलं असतं. नवा सील घालूनही पुन्हा गळत असेल तर ॲक्सलचा ब्रीदर (हवा जायची-यायची बारीक वाट) बघा. चिखलाने तो बुजला की गरम हवेला वाट राहत नाही आणि दाब सीलवर येतो. उलट, तापलेला ॲक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. दोन्ही ब्रीदरांना रबरी नळी लावून ती इंजिन बेमध्ये आणि मागे बॉडीच्या आत उंचावर नेली, तर खर्च नगण्य आणि फायदा मोठा. जिप्सीवर करायच्या सगळ्या बदलांत हा पहिला.

जिप्सीची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे ताकद पाठवणारा गिअरचा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळी, मध्ये आखूड शाफ्ट, आणि ती रबरी माउंटवर टांगलेली. क्लच सोडताना खाडकन आवाज येत असेल तर आधी ही माउंट आणि शाफ्टचे क्रॉस (सांधे) बदला, मग गिअर उघडायचं ठरवा. तेल गिअरबॉक्समध्ये साधारण १.३ लिटर, ट्रान्सफर केसमध्ये ०.८, पुढच्या डिफरन्शिअलमध्ये २ आणि मागच्यात १.५ लिटर बसतं. तरी सपाट जागी भरून, भरायच्या भोकातून तेल ओघळायला लागलं की थांबा. डिफरन्शिअलला जीएल-५ आणि गिअरबॉक्सला जीएल-४ प्रतीचं गिअर ऑइल, सिंक्रोच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगांसाठी. भरायचा प्लग सुटतोय याची खात्री झाल्यावरच खालचा काढा. आटे गेलेला प्लग अडकला तर तेल सांडलेलं आणि गाडी जागेवर, अशी गत होते.

इंजिनात टायमिंग बेल्ट कधी बदललाय हे कागदावर नसेल, तर बदललेला नाही असंच धरा. वॉटर पंप काढायला बेल्ट उतरवावाच लागतो, म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकाच वेळी. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात फुगून भेगाळतं. ई२० साठीच्या नळ्या मागून घ्या. उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंजाची पूड असते, त्यामुळे टाकी साफ केल्याशिवाय नवा पंप बसवू नका.

मॉडिफिकेशनच्या बाबतीत जिप्सी जेवढी कमी छेडाल तेवढी चांगली चालते. कंपनीचा टायर २०५/७० आर१५, बाहेरचा व्यास ६६८ मिमी. २१५/७५ आर१५ घातला तर व्यास सुमारे ७०४ होतो, ग्राउंड क्लिअरन्स १८ मिमी वाढतो, स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवतो. इतकं इंजिन सहज झेपवतं. २३५/७५ वर व्यास जवळपास दहा टक्के वाढतो, घाटात तिसऱ्यावर चढणारी गाडी दुसरा मागायला लागते आणि किंगपिनवरचा भारही वाढतो.

लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणाऱ्या पट्ट्या) लावून गाडी उचलणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट उपाय. पुढे कॅस्टरचा (किंगपिन मागे कललेला असतो त्याचा) कोन कमी होतो, स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही आणि वॉबलला आमंत्रण मिळतं. पाटे ॲक्सलच्या वर घेतले की उंची पाच इंचांच्या आसपास वाढते, पण नवे पॅड अचूक कोनात वेल्ड करणं, ड्रॅग लिंक वाकवणं, ब्रेक होज लांब करणं, प्रोपेलर शाफ्टला स्पेसर घालणं हे सगळं त्यासोबत येतं. हे घरचं काम नाही. त्यापेक्षा बसलेले पाटे कमानवाल्याकडून पुन्हा वळवून घ्या, नवे बुश आणि चांगले शॉकअब्सॉर्बर टाका.

कागदाची बाजूही आधी बघा. पंधरा वर्षांनंतर फिटनेस आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते. रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते. कंपनीच्या मूळ रचनेत फेरबदल चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे, त्यामुळे उंच टायर-लिफ्टवाली गाडी आरटीओच्या ट्रॅकवर अडू शकते. लष्कराच्या लिलावातली गाडी घेताना लिलावाचे मूळ कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका आणि चेसिस नंबर वायर ब्रशने साफ करून आकडा न् आकडा जुळवा.

जोडणी करताना पाट्यांच्या डोळ्यातले बोल्ट हवेत टांगलेल्या गाडीवर पक्के करू नका. चाकं जमिनीवर आणून, गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावरच आवळा, नाहीतर बुश पिळलेला राहतो आणि महिन्याभरात फाटतो. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट ६० ते ८० न्यूटन-मीटरला आवळा, चारही नट आळीपाळीने. ५०० किलोमीटरनंतर टॉर्क पाना घेऊन पुन्हा गाडीखाली जा. नवे पाटे बसतात, तेव्हा यू-बोल्ट हमखास अर्धा फेरा घेतात.