मुंबईहून दुचाकीने किनारा: दक्षिणेला कोकण की उत्तरेला सौराष्ट्र-कच्छ?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आठ-दहा दिवसांची रजा जुळून आलेल्या आणि स्वतःच्या दुचाकीवरून समुद्रकाठाने लांब जाऊ इच्छिणाऱ्या मुंबईकरापुढे प्रामुख्याने दोन दिशा असतात. एक दक्षिणेची, म्हणजे मांडव्यापासून गोव्याच्या सीमेवरच्या तेरेखोलपर्यंतचा कोकण किनारा. दुसरी उत्तरेची, म्हणजे भावनगरजवळच्या घोघ्यापासून दीव, सोमनाथ, पोरबंदर, द्वारका करीत थेट कच्छमधल्या लखपतपर्यंत जाणारा किनारा. मी दोन्हीकडे गाडी चालवली आहे आणि दोन्हीकडे पुन्हा जाण्याची इच्छा आहे. बहुतेक जण हा निर्णय छायाचित्रे पाहून घेतात. माझ्या मते, आपल्याला कोणत्या प्रकारचा थकवा सोसतो हे आधी ओळखावे आणि मग दिशा ठरवावी. कोकणचा रस्ता मनगटांना आणि लक्षाला दमवतो. सौराष्ट्राचा रस्ता पाठीला दमवतो आणि त्याच्या सरळपणामुळे मनालाही.

मुंबईतून बाहेर पडण्यापासूनच दोन्ही प्रवासांचा स्वभाव वेगळा दिसू लागतो. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, पण तो दुचाकींसाठी नाही. त्यामुळे कोकणात उतरायचे तर वाशीचा खाडीपूल, पनवेल, पेण आणि वडखळ हा गजबजलेला मार्ग घ्यावा लागतो, किंवा भाऊच्या धक्क्यावरून गाडीसह रो-रो बोटीत बसून तासाभरात मांडव्याला उतरता येते. मी दुसऱ्या पर्यायाचाच आग्रह धरीन, कारण सामान लादलेल्या गाडीने वडखळपर्यंतच्या अवजड वाहनांच्या रांगेत घालवलेली सकाळ त्या दिवसाचा सगळा उत्साह खाऊन टाकते. उत्तरेकडे अशी सोय दारात नाही. दहिसर ओलांडून राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून सुरत गाठण्यासाठी सुमारे २८० किलोमीटर ट्रक आणि ट्रेलरच्या सोबतीने जावे लागते, आणि तो संपूर्ण दिवस समुद्राचे दर्शन न होता जातो. त्यानंतर मात्र हजीरा ते घोघा ही बोटसेवा आहे. ती नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. रस्त्याने खंभातच्या आखाताला वळसा घालून साधारण ३७० किलोमीटर पडणारे अंतर समुद्रातून ९० किलोमीटरवर येते आणि चारेक तासांत गाडीसह पलीकडे पोहोचता येते. तिकीट आधी काढून ठेवावे आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी फेरी निश्चित आहे ना, याची खात्री करावी.

कोकणात अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, खाड्यांमध्ये मोजावे. सह्याद्रीवरून उतरणारी जवळजवळ प्रत्येक नदी समुद्राला मिळण्यापूर्वी रुंद खाडी करते आणि काठाकाठाने येणारा रस्ता त्या खाडीच्या तोंडाशी येऊन थांबतो. मुरूडच्या दक्षिणेला आगरदांडा ते दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ ते जयगड अशा चार ठिकाणी गाडी जंगलजेटीत, म्हणजे वाहने नेणाऱ्या सपाट बोटीत, चढवावी लागते. ही सक्तीची विश्रांती प्रवासाला लय देते. हेल्मेट काढून, पाण्याकडे पाहत घालवलेली ती पंधरा-वीस मिनिटे हातांना मोकळे करतात आणि गावातली माणसे आपणहून पुढच्या रस्त्याची माहिती देतात. पण याच खाड्या वेळापत्रक मोडतात. दाभोळची शेवटची फेरी चुकली तर दापोली, खेड, चिपळूण करीत गुहागर गाठावे लागते, आणि हा वळसा शंभर किलोमीटरहून अधिक पडतो, तोही अंधारात. म्हणून कोकणात दिवसाला १२० ते १३० किलोमीटरपेक्षा अधिक बेत आखू नये. मुंबई ते तेरेखोल हा टप्पा पाच मुक्कामांचा धरला तर वाटेतले काही पाहता येईल, तीन मुक्कामांचा धरला तर फक्त वळणे लक्षात राहतील.

बोटीत गाडी चढवण्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण नवख्यांची सर्वाधिक पडापड तिथेच होते. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार अधिक खाली उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असते. एका फेब्रुवारीत तवसाळच्या उतारावर मी मागचा ब्रेक जोराने दाबला, चाक सरकले आणि गाडी आडवी झाली. दोन खलाशांनी धावत येऊन ती उचलली, पण ब्रेकचा पायटा वाकला आणि अर्धा दिवस गॅरेजमध्ये गेला. चूक माझीच होती. उतारावर पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, इंजिनाच्या जोरावरच गाडी खाली न्यावी, मागे बसणाऱ्याला आधी उतरवावे, आणि बोटीत गाडी गिअरमध्ये ठेवून, बाजूच्या स्टँडवर लावून, तिच्याजवळच उभे राहावे.

सौराष्ट्रात यातले काहीच नाही. भावनगरहून तळाजा, महुवा, उना, कोडीनार, वेरावळ, पोरबंदर करीत द्वारकेला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५१ बहुतांश सपाट प्रदेशातून जातो, आणि दिवसाला २२० ते २५० किलोमीटर सहज होतात. तिथला त्रास वेगळ्या प्रकारचा आहे. पोरबंदरच्या पुढे आणि कच्छमध्ये समुद्रावरून येणारा आडवा वारा दुपारनंतर इतका जोर धरतो की, गाडी तासन्‌तास एका बाजूला कलती ठेवून चालवावी लागते. उंच बांधलेले सामान असेल तर हा वारा अधिक जाणवतो. रस्त्यावर गायी-म्हशींचे कळप बसलेले असतात आणि तिन्हीसांजेला नीलगायी शेतांतून अचानक आडव्या येतात, म्हणून सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठण्याचा नियम तिथे कोकणाहून कडकपणे पाळावा. पिपावाव, जामनगर आणि मुंद्रा या बंदरांच्या आणि कारखान्यांच्या पट्ट्यांत ट्रेलरची वर्दळ असते. ‘दुर्गम किनारा’ मनात धरून निघालेल्याला हा भाग निराश करतो, हे आधीच माहीत असावे.

समुद्र प्रत्यक्ष किती दिसतो, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. सौराष्ट्रात महामार्ग बराच काळ किनाऱ्यापासून आत चालतो आणि प्रत्येक गावी मुद्दाम वाट वाकडी करून पाण्यापाशी जावे लागते. याला ठळक अपवाद माधवपूरचा, जिथे रस्ता आणि लाटा अगदी शेजारी येतात. कोकणात दिवेआगर ते श्रीवर्धनदरम्यान शेखाडी-आरावीचा पट्टा आणि गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे जाताना आरे-वारेची चढण अशा जागा आहेत, जिथे वळण घेताना समोर सगळा समुद्रच उभा राहतो. शिवाय या वाटेवर सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेले किल्ले आहेत. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, कातळशिल्पे आहेत, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहता येतात. दृश्याच्या बाबतीत माझा कौल निःसंशय कोकणाला आहे.

एकांताच्या बाबतीत तो तसा नाही. मुरूड, हरिहरेश्वर, गणपतीपुळे आणि मालवण ही गावे नाताळात आणि शनिवार-रविवारी गजबजून जातात. खरा निर्जनपणा कच्छच्या पश्चिम टोकाला अनुभवास येतो. नारायण सरोवर आणि कोटेश्वर ओलांडून लखपतकडे जाताना दहा-दहा मिनिटे समोरून एकही वाहन येत नाही. सिंधूचा प्रवाह १८१९ च्या भूकंपानंतर दूर गेल्यामुळे ओस पडलेल्या लखपतच्या तटावर उभे राहिले की, समोर पाणी, चिखल आणि क्षितिज यांच्यातली सीमाच कळेनाशी होते. तिथे पोहोचण्याची किंमत मात्र मोठी आहे. ओखा आणि मांडवी ही गावे कच्छच्या आखाताच्या दोन काठांवर असली तरी जामनगर, माळिया, गांधीधाम असा चारशेहून अधिक किलोमीटरचा वळसा घेतल्याशिवाय एका गावाहून दुसऱ्या गावी जाता येत नाही. कोकणात खाडी बोटीने ओलांडता येते, इथे आखात चाकांनीच पार करावे लागते. त्यामुळे आठ दिवसच हाती असतील तर कच्छ सोडून द्यावे आणि द्वारकेवर थांबावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. द्वारकेहून फेब्रुवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या सुदर्शन सेतूवरून बेट द्वारकेला जाऊन यावे, तेवढे पुरे.

अडचणीत मदत कुठे लवकर मिळते, याचा विचार पहिल्यांदा लांब जाणाऱ्याने अवश्य करावा. कोकणात किनारा सोडून पूर्वेला वळले की चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत राष्ट्रीय महामार्ग ६६ आणि कोकण रेल्वे मिळते. एसटी स्थानकाजवळ पंक्चरवाला असतोच आणि भाषेचा प्रश्न नाही. खाडीकाठच्या खोलगट भागात मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवावा. सौराष्ट्रात महामार्गावर पेट्रोल आणि दुरुस्ती दोन्ही मुबलक आहेत आणि काठेवाडी माणसाचा अगत्यशील स्वभाव हा तिथला सर्वांत मोठा आधार आहे. पश्चिम कच्छमध्ये मात्र नळीया सोडल्यावर टाकी भरलेली, जादा ट्यूब जवळ असलेली आणि पाण्याच्या दोन बाटल्या बांधलेल्या असाव्यात. हा सीमेचा भाग असल्याने ओळखपत्र सोबत ठेवावे.

गाडीविषयी फार काथ्याकूट करण्याचे कारण नाही. कोकणाच्या घाटांमध्ये आणि गल्लीवजा रस्त्यांवर १२५ ते १६० सीसीची हलकी गाडी अवजड गाडीपेक्षा सुखाची ठरते, तर वाऱ्यातून दिवसभर साठ-सत्तरच्या वेगाने जाण्यासाठी ३५० सीसीचे वजन उपयोगी पडते. जोडीदाराला मागे बसवून जाणार असाल तर सौराष्ट्र निवडा, कारण कोकणाच्या खड्ड्यांतून आणि वळणांवरून दोघांना आठवडाभर सुखाने जाता येणे कठीण आहे. खाऱ्या हवेत साखळी लवकर गंजते. दर दोन दिवसांनी ती पुसून तेल द्यावे, आणि किनाऱ्यावरच्या वाळूत, पुळणीवर, गाडी उतरवण्याचा मोह दोन्हीकडे टाळावा.

ऋतूचा हिशेब सरळ आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जांभ्याची लाल माती रस्त्यावर वाहून येते. तेव्हा कोकण देखणे असले तरी दुचाकीवरच्या नवख्याने तिथे जाऊ नये. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे ताज्या मासळीची फारशी आशाही ठेवता येत नाही. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत दोन्ही किनारे टाळावेत. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तौक्ते मे २०२१ मध्ये दीव-उना भागात, आणि बिपरजॉय जून २०२३ मध्ये कच्छच्या जखौजवळ. कच्छमध्ये जानेवारीच्या पहाटे बोटे बधिर करणारी थंडी असते, कोकणात त्याच वेळी पातळ जाकीट पुरते. होळीच्या सुमारास कोकणात जाणार असाल तर शिमग्याच्या पालख्यांसाठी गावागावांत रस्ता अडतो. तिथे घाई न करता गाडी बाजूला घेऊन थांबावे, तो वेळ वाया जात नाही.

जेवणखाणाचे थोडक्यात सांगतो. कोकणात घरगुती खानावळीत सकाळीच फोन करून सांगितले तर दुपारी गरम भात, सुरमई आणि सोलकढी मिळते. न सांगता गेल्यास अनेकदा काही मिळत नाही. काठेवाडात ढाब्यावर बाजरीचा रोटला, वांग्याचे भरीत आणि ताक केव्हाही मिळते, आणि सोमनाथ-द्वारकेला धर्मशाळांमुळे मुक्काम स्वस्त पडतो. गुजरातमध्ये दारूबंदी आहे. दीवमध्ये ती मिळते, पण तिथली बाटली सामानात घालून हद्द ओलांडणे गुन्हा आहे.

परतीचा विचार बहुतेक जण शेवटच्या दिवशी करतात, तो पहिल्या दिवशी करावा. तेरेखोल किंवा वेंगुर्ल्याहून आंबोली घाट चढून कोल्हापूर, सातारा, पुणे असा दोन दिवसांचा प्रवास करून मुंबईला येता येते; मात्र मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई असल्याने पुण्यापासून जुन्याच रस्त्याने लोणावळामार्गे खाली उतरावे लागते. उत्तरेची फेरी भुजला संपवली तर मुंबईपर्यंतचे आठशेहून अधिक किलोमीटर चालवत येण्यात काहीच मिळत नाही. भुजहून वांद्रे टर्मिनसला थेट रेल्वेगाड्या आहेत, त्यांतून दुचाकी पार्सलने पाठवावी. त्यासाठी नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि ओळखपत्र लागते, टाकीतले पेट्रोल पूर्ण काढावे लागते आणि गाडी गोणपाटात बांधून द्यावी लागते. दुचाकी आपल्याच रेल्वेगाडीने येईल असे धरून चालू नये.

पहिल्यांदाच आठवडाभर एकट्याने निघणाऱ्याला मी कोकणच सुचवीन. ओळखीच्या भाषेत, छोट्या टप्प्यांत, आणि वाटले तर दुसऱ्याच दिवशी महामार्ग धरून घरी परतता येईल अशा प्रदेशात आपली आणि गाडीची क्षमता कळते. ज्याने असे एक-दोन प्रवास केले आहेत, ज्याच्याकडे बारा दिवस आहेत आणि ज्याला गावे-मंदिरे-किल्ले यांपेक्षा मोकळ्या क्षितिजाची ओढ आहे, त्याने हजीऱ्याच्या बोटीचे तिकीट काढावे आणि भुजहून परतीच्या रेल्वेचे आरक्षण त्याच दिवशी करून टाकावे.