क्लाउडचा खर्च तासाने पाहावा की महिन्याने: ‘कॉस्ट एक्स्प्लोरर’ नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

सोलापूरच्या मार्केट यार्डातील कांद्याच्या अडत्यांसाठी आम्ही हिशोबपट्टीची प्रणाली चालवतो. गाडीची आवक, वजन, लिलावात मिळालेला भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडे आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी पट्टी, एवढा सगळा व्यवहार ॲमेझॉनच्या मुंबई विभागातील भाड्याच्या सर्व्हरवर, म्हणजे क्लाउडवर, नोंदला जातो. या सर्व्हरचे बिल आम्ही कित्येक वर्षे महिन्यातून एकदा, ते भरताना, पाहत होतो. गेल्या जुलैपासून मार्चअखेरपर्यंत मात्र मी ‘कॉस्ट एक्स्प्लोरर’ हे ॲमेझॉनचेच खर्च पाहण्याचे साधन जवळजवळ रोज वापरले. आमच्यासारख्या लहान व्यवसायांना उपयोग व्हावा म्हणून तो अनुभव सविस्तर लिहीत आहे.

हे साधन क्लाउडच्या खात्यातच असते आणि पडद्यावर पाहण्यासाठी त्याला पैसे पडत नाहीत. आपल्या प्रोग्रॅमने त्याच्याकडून आकडे मागवले, तर दर विचारणेला एक सेंट आकारला जातो. खर्च तीन मापांनी पाहता येतो. महिन्याच्या मापाने, सोय चालू केल्यास, मागील ३८ महिन्यांपर्यंत जाता येते; दिवसाच्या मापाने साधारण वर्षभर मागे जाता येते; आणि तासाचे माप मुद्दाम चालू करावे लागते, त्याला थोडे शुल्क पडते आणि त्यात फक्त मागील १४ दिवस दिसतात. ताजे आकडे लगेच येत नाहीत. माहिती दिवसातून किमान एकदा अद्ययावत होते, त्यामुळे आज सकाळी झालेला खर्च आज दुपारी दिसेल असे धरून चालू नये.

सुरुवातीला मला वाटत होते की ही तीन मापे म्हणजे एकच चित्र जवळून आणि लांबून पाहण्याची सोय आहे. हा समज चुकीचा होता. काही प्रश्नांना चुकीच्या मापाने केवळ अस्पष्ट नव्हे, तर उलटे उत्तर मिळते, आणि आलेख इतका नीटनेटका असतो की ते उत्तर खरेच वाटते.

पहिला अनुभव ऑगस्टमधला आहे. ॲमेझॉनची ‘सेव्हिंग्ज प्लॅन’ नावाची सवलतीची योजना आहे. तीत एक किंवा तीन वर्षांसाठी आपण तासाला अमुक डॉलर खर्च करण्याचे बंधन स्वीकारतो आणि त्या बदल्यात दर कमी मिळतो. मी महिन्याचा आलेख पाहिला, सरासरी काढली आणि त्या सरासरीइतके बंधन घेतले. यात काय चुकले ते कळावे म्हणून आकडे सोपे करून मांडतो. दिवसाचे बारा तास सहा सर्व्हर चालतात आणि रात्रीचे बारा तास दोन, असे धरू. सरासरी चार येते, म्हणून चार सर्व्हरचे बंधन घेतले. परंतु बंधन दर तासाला मोजले जाते आणि एका तासात न वापरलेली रक्कम पुढच्या तासाला मिळत नाही. त्यामुळे रात्री बारा तास दोन-दोन सर्व्हरचे पैसे वाया जातात आणि दिवसा मात्र वरच्या दोन सर्व्हरना पूर्ण दर द्यावा लागतो. चोवीस तासांच्या ९६ सर्व्हर-तासांच्या बंधनापैकी २४ तास, म्हणजे नेमका एक चतुर्थांश भाग, रिकामा जातो. सवलतही त्याच्याच आसपास असेल, तर वर्षभर बंधनात अडकूनही हाती जवळपास काहीच उरत नाही.

ही गोष्ट महिन्याच्या आलेखात दिसणे शक्यच नव्हते, कारण सरासरीत रात्रीची उणीव आणि दिवसाची जादा मागणी एकमेकींना भरून काढतात. त्याच आठवड्यात तासाचे माप चालू केले आणि योजनेच्या वापराचा अहवाल त्या मापाने उघडला, तेव्हा रात्रीच्या तासांत वापर अर्ध्यावर आलेला स्पष्ट दिसला. तासाला १०० डॉलरपर्यंतचे बंधन खरेदीपासून सात दिवसांत आणि त्याच महिन्यात परत करता येते, हा नियम आमच्या कामी आला आणि पाचव्या दिवशी आम्ही ते परत केले. चूक पूर्णपणे माझी होती. तासाने मोजल्या जाणाऱ्या बंधनाचा निर्णय मी महिन्याच्या आलेखावरून घेतला होता. हे साधन वापरणाऱ्या कोणालाही मी आता आधी एवढेच सांगतो की, ज्या मापाने आकारणी होते त्या मापाचा आलेख पाहिल्याशिवाय बंधन घेऊ नये.

दुसरा अनुभव अधिक त्रासाचा होता आणि तो दिवसाच्या मापाचा आहे. नोव्हेंबरपासून यार्डात लाल कांद्याची आवक वाढते आणि डिसेंबर-जानेवारीत रोज शेकडो गाड्या येतात. गाड्या आदल्या रात्रीपासून लागतात, त्यांच्या नोंदी पहाटेपर्यंत चालतात, सकाळी लिलाव सुरू होतात आणि दुपारनंतर पट्ट्या निघतात. दिवसाच्या आलेखात मला मात्र लिलाव नसलेल्या सुटीच्या दिवशीचा स्तंभ उंच दिसू लागला आणि त्यानंतरच्या लिलावाच्या दिवशीचा अपेक्षेपेक्षा बुटका. सुटीच्या दिवशी कोणते काम चालते आहे, हे शोधण्यात आमच्या दोन सहकाऱ्यांचे जवळपास दोन आठवडे गेले. एखादा बॅकअप चुकून चालतो आहे का, कोणी बाहेरून प्रणालीत शिरले आहे का, इथपर्यंत शंका गेल्या.

कारण साधे होते. या साधनातील दिवस यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेने मोजला जातो. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे साधनातला दिवस आपल्या पहाटे साडेपाचला उजाडतो. सुटीच्या रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत लागलेल्या गाड्यांच्या नोंदींचा खर्च त्यामुळे सुटीच्या खात्यावर पडत होता, आणि त्याच गाड्यांच्या लिलावाचा व पट्टीचा खर्च दुसऱ्या दिवसावर. यार्डाच्या दृष्टीने एकच असलेला दिवस आलेखात मधोमध कापला गेला होता. महिन्याचेही तसेच होते. १ तारखेच्या पहाटे साडेपाचपर्यंतचा खर्च मागील महिन्यात जातो.

तासाच्या मापातही अर्ध्या तासाची अडचण राहते. यूटीसीतील चार ते पाच हा स्तंभ आपल्याकडे सकाळी साडेनऊ ते साडेदहा असतो. दहाला लिलाव सुरू होताना नेमका किती भार वाढला, असा प्रश्न विचारला, तर उत्तर एका स्तंभाच्या मध्यावर येते. देशाची वेळ पूर्ण तासांच्या फरकाने असणाऱ्यांना ही अडचण येतच नाही, आपल्याला मात्र ती कायम लक्षात ठेवावी लागते.

यावरचा उपाय कॉस्ट एक्स्प्लोररच्या पडद्यावर मला सापडला नाही, म्हणून आम्ही खर्चाचा सविस्तर तासवार अहवाल एस-थ्री या ॲमेझॉनच्या फाइल साठवणीत ठेवायला लावला आणि त्यावर अथेना हे तिथलेच माहिती शोधण्याचे साधन वापरून प्रश्न विचारू लागलो. तिथे प्रत्येक नोंदीच्या वेळेत ३३० मिनिटे मिळवली की भारतीय वेळ मिळते. आम्ही त्याहून सोपा मार्ग धरला. यार्डाचा दिवस आदल्या सायंकाळी साडेपाचला सुरू होऊन त्या दिवशी सायंकाळी साडेपाचला संपतो, असे ठरवले. बहुतेक पट्ट्या तोवर निघालेल्या असतात आणि रात्रीच्या गाड्या लागायच्या असतात. सायंकाळचे साडेपाच म्हणजे यूटीसीचे बरोबर बारा, त्यामुळे नोंदीच्या वेळेत फक्त बारा तास मिळवून तारीख काढली की यार्डाची तारीख मिळते आणि एकही तास अर्धा कापावा लागत नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हा आलेख पहिल्यांदा तयार झाला, तेव्हा सुटीचा दिवस जसा असायला हवा तसा शांत दिसला. नऊ महिन्यांतले सर्वांत समाधानाचे काम मी हेच मानतो.

या दुरुस्तीनंतर दर पट्टीमागे किती खर्च येतो, हे मोजता येऊ लागले. हंगामात बिल वाढते म्हणून आम्ही दरवर्षी चिंतेत असायचो. प्रत्यक्षात डेटाबेसचा सर्व्हर, साठवण आणि नेटवर्कचे ठरावीक आकार वर्षभर सारखेच असतात आणि हंगामात ते कितीतरी जास्त पट्ट्यांवर विभागले जातात. आमच्या हिशोबात डिसेंबरचा दर पट्टीमागचा खर्च ऑगस्टच्या जवळपास निम्मा निघाला. आता मी काटकसरीचे प्रयत्न पावसाळ्यातल्या रिकाम्या महिन्यांसाठी राखून ठेवतो, कारण पैसा खरा तिथे वाया जातो. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या सुटीत यार्ड बंद असतानाचे दिवसही या दृष्टीने मोलाचे ठरले. काम शून्य असताना जो खर्च होत राहतो, तो त्या दिवसांत उघडा पडतो.

महिन्याच्या मापाला मी वर नावे ठेवली असली, तरी एक गोष्ट त्याच्याशिवाय सापडली नसती. लॉग, म्हणजे प्रणालीतील घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, साठवणाऱ्या सेवेत, आपण मुदत ठरवली नाही, तर नोंदी कायम राहतात. आमच्या चार सेवांपैकी एकीलाच मुदत लावलेली होती. शिवाय डिस्कच्या प्रती आणि वजनकाट्याच्या पावत्यांची छायाचित्रे जमा होत होती. यातली वाढ रोज काही पैशांची असते, म्हणून तासाच्या किंवा दिवसाच्या आलेखात ती रेघ सपाटच दिसते. बारा महिने एकापुढे एक मांडून आणि फक्त साठवणीचा खर्च वेगळा काढून पाहिला, तेव्हा तो एकाही महिन्यात खाली आलेला नाही असे दिसले. लॉगला ३० दिवसांची मुदत लावली, जुन्या प्रती काढल्या, आणि पावत्या स्वस्त साठवणीत हलवल्या. अचानक झालेल्या वाढीची सूचना देणारी जी मोफत सोय आहे, तिने ही गोष्ट कधी सांगितली नव्हती, आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही करू नये, कारण ती नेहमीपेक्षा वेगळे काय घडले ते पाहते आणि ही वाढच आमची नेहमीची रीत झाली होती. नोव्हेंबरमध्ये हंगाम सुरू होताच तिने सूचना पाठवली, ती खरीच होती.

महिन्यांची तुलना करताना दोन गोष्टींनी मला फसवले. जानेवारीचे ३१ आणि फेब्रुवारीचे २८ दिवस असल्याने, काहीही न बदलता जानेवारीचा सर्व्हरचा खर्च सुमारे ११ टक्क्यांनी जास्त येतो, तेव्हा महिन्याची बेरीज न पाहता दिवसाची सरासरी पाहावी. दुसरे म्हणजे, डोमेनच्या झोनसारखे (संकेतस्थळाच्या नावाच्या नोंदी ठेवण्याचे) मासिक आकार १ तारखेला एकदम पडतात आणि आगाऊ भरलेली रक्कमही ज्या दिवशी भरली त्याच दिवशी उभी राहते. अशा वेळी खर्चाचा प्रकार बदलून तो मुदतीवर विभागलेल्या स्वरूपात पाहण्याची सोय आहे. रोजच्या तुलनेसाठी मी तेच स्वरूप वापरतो आणि बँकेतून किती गेले हे पाहायचे असेल तेव्हाच मूळ स्वरूपाकडे वळतो.

साधनातील आकडे डॉलरमध्ये असतात आणि बिल रुपयांत, १८ टक्के जीएसटीसह येते. आमचे हिशोबनीस आणि मी सुरुवातीला याच फरकावर अडकलो होतो. आता कर वगळून आणि त्या महिन्याचा विनिमय दर वेगळ्या रकान्यात लिहून तुलना करतो.

टॅगबद्दल, म्हणजे कोणता सर्व्हर कोणत्या सेवेचा हे सांगणाऱ्या खुणांच्या चिठ्ठ्यांबद्दल, एवढेच लिहितो की, ते पहिल्याच दिवशी लावावेत आणि बिलिंगच्या पानावर जाऊन खर्चासाठी चालूही करावेत. टॅग नसलेल्या सर्व्हरचा जुना खर्च नंतर कोणत्या सेवेचा होता, हे आम्हाला शेवटपर्यंत नीट वेगळे करता आले नाही.

तासाच्याही आत डोकावायचे असेल, तर हे साधन उपयोगी नाही. दुपारी सर्व गाळ्यांवरून एकदम पट्ट्या काढल्या जातात, तो ताण वीस-पंचवीस मिनिटांचा असतो आणि तासाच्या स्तंभात तो विरून जातो. त्यासाठी सर्व्हरच्या भाराचे पाच मिनिटांचे किंवा एका मिनिटाचे मोजमाप पाहावे लागते. लिनक्स सर्व्हरची आकारणी किमान ६० सेकंद आणि पुढे सेकंदाने होत असल्याने, जादा सर्व्हर वेळेवर बंद केले तर पैसे खरेच वाचतात. आमचे जादा सर्व्हर ताण ओसरल्यावरही तासभर चालू राहत होते, ते आम्ही पंधरा मिनिटांवर आणले.

तासाची माहिती १४ दिवसांनी नाहीशी होते, म्हणून दर सोमवारी तिची फाइल उतरवून ठेवण्याचा नियम केला आहे. सविस्तर अहवाल साठवू लागल्यापासून त्याची गरज कमी झाली आहे, पण तो अहवाल चालू करण्यापूर्वीचे ऑगस्ट ते ऑक्टोबरचे तास आमच्याकडे केवळ या फाइलींमुळे शिल्लक आहेत. त्या तासांतला सर्वांत कमी वापर दोन सर्व्हरचा होता. ऑक्टोबरअखेर आम्ही तेवढेच बंधन एका वर्षासाठी पुन्हा घेतले. मार्चअखेरपर्यंत त्याचा तासवार वापर एकदाही खाली आलेला नाही, यात्रेच्या सुटीतल्या रात्रीही नाही. तिसऱ्या सर्व्हरचे बंधन घ्यावे का, हा प्रश्न मी एप्रिल आणि मे महिन्यांचे तास हाती आल्यावर पाहणार आहे.