लिबी: अकरा महिने वापरल्यावर

नवऱ्याने जानेवारीत बसून पुस्तकांवरचा खर्च मोजला नसता, तर ग्रंथालयाच्या कार्डावर ई-पुस्तकं आणि ऑडिओबुकं फुकट देणारं लिबी हे ॲप मी उघडलंच नसतं. ऑडिओबुकची मासिक वर्गणी, वर किंडलवरची किरकोळ खरेदी, आणि त्यातली निम्मी पुस्तकं तिसऱ्या प्रकरणात सोडलेली. तो काही बोलला नाही, फक्त आकडा गोल करून ठेवला. त्या आठवड्यात ग्रंथालयाचं कार्ड काढलं.

मी न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्सच्या जॅक्सन हाइट्सला राहते. शहर एकच, पण सार्वजनिक ग्रंथालयांच्या संस्था तीन: न्यूयॉर्क पब्लिक, ब्रुकलिन आणि क्वीन्स. राज्यात राहणाऱ्याला तिन्हींची कार्डं फुकट मिळतात. लिबीत तिन्ही जोडली की कुठे लवकर नंबर लागेल ते बघता येतं. हे समजायला मला चार महिने लागले. तोवर मी एकाच कार्डावर निमूटपणे रांगेत उभी होते.

रांगेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण या ॲपचा सगळा अनुभव तिच्यावर ठरतो. पहिल्यांदा 'साधारण 14 आठवडे' असं दिसलं तेव्हा मला हसू आलं. फाइलच तर आहे, तिची कसली वाट बघायची? पण बहुतेक ई-पुस्तकांना कागदी प्रतीचाच नियम लावलाय: एक परवाना, एका वेळी एकच वाचक. शिवाय परवाना कायमचा नसतो. मोठे प्रकाशक तो ग्रंथालयाला बहुधा दोन वर्षांसाठी देतात, तेही आपल्याला लागते त्याच्या कितीतरी पट किंमत घेऊन. मुदत संपली की ग्रंथालयाने पुस्तक पुन्हा विकत घ्यायचं. हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने 2011 मध्ये पुस्तक 26 वेळा वाचकांना दिलं की परवाना संपला असा नियम आणला होता. मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशकाने नोव्हेंबर 2019 पासून नव्या ई-पुस्तकाची पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय-व्यवस्थेला एकच प्रत द्यायची असं ठरवलं. ग्रंथालयांनी बहिष्कार घातला आणि मार्च 2020 मध्ये ते मागे घ्यावं लागलं. कागदी प्रत मात्र शिवण उसवेपर्यंत फिरवता येते. हे कळल्यापासून माझा राग ॲपवरून उतरला.

आणि खरं सांगायचं तर रांग मला नवी नाही. नाशिकला आमच्या गल्लीतल्या लायब्ररीत दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असायची. चांगला अंक हातात यायला कधी कधी संक्रांत उजाडायची, तोवर शब्दकोडं कुणीतरी पेनने सोडवून टाकलेलं. फरक एवढाच, की तिथले काका आमच्या आईसाठी एखादा अंक गल्ल्याखाली दडवून ठेवायचे. इथे तशी ओळख चालत नाही.

सुरुवातीला मी हावरटासारखे दिसेल त्याला नंबर लावले. मे महिन्यात एकाच आठवड्यात पाच पुस्तकं 'तयार आहे' म्हणून हजर! नंबर लागल्यावर पुस्तक घ्यायला तीन दिवस मिळतात, आणि घेतल्यावर सहसा 14 किंवा 21 दिवस. पाचातली दोन वाचली, तीन न उघडता परत केली. तेव्हा 'नंतर द्या' ही सोय सापडली. आपण रांगेत पुढे सरकत राहतो, पण पुस्तक सांगू तेव्हाच येतं, मधल्या काळात मागचा माणूस वाचून घेतो. आता एका वेळी दोनच येऊ देते.

मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं, दंड नाही. ऐकायला छान वाटतं. एका खूनखटल्यावरच्या पुस्तकाची शेवटची चाळीस पानं राहिली असताना ते रात्रीत गायब झालं आणि मी पुन्हा रांगेत. खुणा आणि वाचलेली जागा जशीच्या तशी राहते, हे खरं, पण साक्षीदारांची नावं मी तोवर विसरले होते. किंडलवर पुस्तक घेतलं असेल तर त्याचं वायफाय बंद ठेवा. चालू करेपर्यंत ते तिथेच राहतं. यात कुणाचा नंबर मारला जात नाही, परवाना वेळेवर पुढच्याकडे जातोच. लिबीतलं पुस्तक किंडलवर घेण्याची सोय फक्त अमेरिकेत आहे.

ऑडिओबुकांनी मात्र माझा प्रवास बदलला. मी ई ट्रेनने मॅनहॅटनला जाते. गाडी जमिनीखालून, दोन स्टेशनांमध्ये सिग्नल बेभरवशाचा. फोनमधली जागा वाचवायला मी डाउनलोड बंद करून ठेवलं होतं. एके सकाळी गाडी नदीखालच्या बोगद्यात वीस मिनिटं थांबली, निवेदिका 'आणि दार उघडताच' एवढं म्हणाली आणि गप्प. समोरचा माणूस बेगल खात होता, मी त्याच्याकडे बघत बसले. त्या संध्याकाळी घरी येऊन वायफायवर आपोआप डाउनलोड चालू केलं. वेग मी सव्वापट ठेवते. रात्री 'प्रकरण संपेपर्यंत' टायमर लावते, आणि रोज सकाळी कुठवर ऐकलं ते शोधत मागे जाते.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली: ई-पुस्तक आणि ऑडिओ यांच्या रांगा वेगळ्या. एकीकडे दहा आठवडे असतील तर दुसरीकडे दोनच निघू शकतात. आणि कधीकधी कागदी प्रत शाखेच्या फळीवर निवांत पडलेली असते, दोन्हीकडे रांग असताना. मासिकांना रांगच नाही, पाककृतींची मासिकं मी जेवताना चाळते. हूपला नावाचं दुसरं ॲप रांगेशिवाय लगेच देतं, पण तिथे ग्रंथालय दर वेळी पैसे मोजतं, म्हणून महिन्याला ठरावीकच मिळतात.

मराठीसाठी म्हणून कुणी हे कार्ड काढणार असेल तर काढू नका. माझी मराठी पुस्तकं अजून पुण्याहून येणाऱ्यांच्या बॅगेतूनच येतात, आणि लोणच्याच्या बरणीपुढे त्यांचा नंबर नेहमी दुसरा लागतो. नाशिकहून भावाने दोनदा विचारलं, 'ताई, तुझा कार्ड नंबर दे ना.' दिला नाही. कार्ड इथे राहणाऱ्यांसाठी आहे, आणि तो एकदा शिरला की माझ्या रांगेचं काय होईल हे मी लहानपणापासून ओळखून आहे.

मासिक वर्गणी मार्चमध्येच बंद केली. अकरा महिन्यांत 31 पुस्तकं पूर्ण झाली, त्यातली 19 ऐकून. ते खूनखटल्याचं पुस्तक अजून आलेलं नाही. काल बघितलं तर माझ्यापुढे सहा जण आहेत.