‘कोरं’ म्हणून विकलेलं रिकर्व्ह धनुष्य

पेनसिल्व्हेनियात शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता, म्हणून मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, मागवलं. त्यावर ‘28 इंचांवर 50 पौंड’ असं लिहिलं होतं, म्हणजे 28 इंचांपर्यंत ओढलं की 50 पौंडांचा जोर लागतो. एकही बाण न सोडलेलं, कोरं करकरीत, असं तो सांगत होता. पैसे मात्र त्याने मित्र-नातेवाइकांना पाठवतात त्याच पद्धतीने मागितले. तसे गेलेले पैसे तक्रार करून परत मिळवणं जवळजवळ अशक्य, हे त्याला पक्कं ठाऊक असणार.

50 पौंडांना साजेसे बाण घेतले, दोरी चढवली, नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण अडकवायच्या जागेची खूण, बसवला. चाचणीसाठी सोडलेला पिसं नसलेला बाण सतत पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागू लागला. उजव्या हाताने ओढणाऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ बहुधा हाच, की धनुष्याच्या मानाने बाण फार ताठ आहे. विक्रेता म्हणाला, दोरीला पीळ देऊन ब्रेस हाइट, म्हणजे मूठ आणि दोरी यांतलं अंतर, बदला. मग म्हणाला, बाणाला जड टोक लावा. शेवटी म्हणाला, तुमचीच सोडण्याची पद्धत चुकतेय. यातला प्रत्येक सल्ला एरवी योग्यच, जाणकारही हेच सांगतो. त्याच आडोशाने त्याने मला झुलवत ठेवलं आणि माल परत करायची मुदत संपवली.

क्लबमधल्या एका जुन्या धनुर्धराने ओढीचा जोर मोजणारा काटा लावला, तर 28 इंचांवर 44 पौंड. इथे हरणासाठी किमान 35 पौंडांची अट आहे, त्यामुळे 44 चंही चाललं असतं. पण मग 50 चे पैसे का घेतले? खरा धक्का पुढे होता. वरची लिम्ब, म्हणजे धनुष्याची वाकणारी बाजू, पिळलेली होती. टोकाशी दोरी खोबणीच्या मधोमध बसत नव्हती. फायबरग्लासच्या थराला बारीक भेग होती आणि तिच्यावर ताजं वार्निश. पूर्ण ओढलेलं धनुष्य तोंडासमोर फुटलं तर काय होईल, हे ते वार्निश लावणाऱ्याला कळत नव्हतं का? पैशांपेक्षा याचाच संताप जास्त आहे.

जाहिरातीतले सगळे फोटो दोरी उतरवलेल्या धनुष्याचे होते. तशा अवस्थेत पीळ सहसा लक्षात येत नाही. दोरी चढवून, दोरीच्या बाजूने काढलेले दोन्ही टोकांचे फोटो मागा. काट्यावर 28 इंचांपर्यंत ओढतानाचा व्हिडिओही मागा. इंचामागे दोन-तीन पौंडांचा फरक पडतो, त्यामुळे 30 इंचांवरचा आकडा 28 चा म्हणून सहज खपतो. धनुष्य हातात आलं की ट्यूनिंगच्या, म्हणजे बाण आणि धनुष्य एकमेकांशी जुळवण्याच्या, आधी हेच तपासा, परत करायची मुदत शिल्लक असतानाच.