तीन सरदार, चार तास आणि वीस बाजूंचा फासा

ठाण्याच्या नौपाड्यातील एका बोर्ड गेम कॅफेत रविवारी मराठीतून चालणारा भूमिकाखेळ मी मागील महिन्यात भाच्यासोबत खेळून आलो. शुल्क माणशी ६०० रुपये, वेळ चार तास. खेळाची घडण १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची आहे, सूत्रधार गोष्ट पुढे नेतो, प्रत्येक खेळाडू आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतो आणि बेत तडीस जातो की फसतो, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पावसाळा सरताच शत्रूचे आरमार किनाऱ्याला लागणार आहे, राजा अंथरुणाला खिळला आहे आणि एकमेकांचे तोंडही न पाहणाऱ्या तीन सरदारांना त्याआधी एकत्र आणायचे आहे, अशी ही कथा.

तलवारबाजीच्या ओढीने गेलेल्यांना पहिले अडीच तास कंटाळवाणे वाटतील. मला मात्र तेच सर्वाधिक भावले. घाटमाथ्याचा किल्लेदार आमची शौर्याची भाषणे शांतपणे ऐकून घेतो आणि एवढेच विचारतो, “माझी माणसे गड उतरली, तर त्यांच्या घरी धान्य कोण पोचवणार?” भाच्याने घाईघाईने खाडीकाठच्या सरदाराचे कोठार परस्पर देऊन टाकले. सूत्रधार ताईंनी काही न बोलता ते वचन पिवळ्या चिठ्ठीवर लिहिले आणि टेबलाच्या मधोमध ठेवले. तासाभराने खाडीकाठचा सरदार भेटला, तेव्हा त्याने पहिल्यांदा ती चिठ्ठीच वाचून दाखवली. “मामा, आता तुम्हीच बोला,” म्हणून भाचा मोकळा झाला.

पात्रांची नावे मात्र सगळी परदेशी वळणाची आहेत, हे खटकले. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला, त्या मोहिमेमागे अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिकांची मोठी खटपट होती. तो किल्ला, म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह, याच शहरात असताना कथाकाराला नावे शोधायला इतके दूर जाण्याचे कारण नव्हते.

खरी तक्रार शेवटाविषयी आहे. पुढील बॅच दारात उभी असल्याने निर्णायक लढाई वीस मिनिटांत उरकण्यात आली आणि तिचा निकाल एकाच फेकीवर ठेवला गेला. १५ किंवा त्याहून मोठे दान हवे होते, म्हणजे यशाची शक्यता ३० टक्के. तिन्ही सरदार सोबत आणल्याबद्दल दोन फासे टाकून मोठा आकडा धरण्याची सवलत मिळाली, तरी ती ५१ टक्क्यांवरच गेली. एवढ्या मनधरणीचे मोल अखेर छापा-काट्याइतकेच ठरले. आम्हाला ९ आणि १२ पडले, राज्य गेले. लढाईचे तीन टप्पे करून प्रत्येक सरदाराला एकेक फेक दिली असती, तर हरण्याचेही वाईट वाटले नसते.

कोल्ड कॉफी बेताची आहे. जायचे असल्यास संध्याकाळची शेवटची बॅच घ्यावी. तिच्यानंतर टेबल रिकामे करून देण्याची घाई नसते.