न जळालेल्या मोटरीचे १०,१४८ रुपये

पुण्याच्या एका उपनगरातील गॅरेजने आमच्या गाडीच्या चालकाच्या दाराची काच दुरुस्त करण्यासाठी माझ्याकडून १०,१४८ रुपये घेतले. काच खाली-वर करणारी नवी मोटर आणि तिचे मशीन यांचे ४,८००, काचांच्या बटणांच्या पॅनेलमधील 'कार्ड' (सर्किट बोर्ड) बदलल्याचे २,६००, मजुरीचे १,२०० आणि या सर्वांवर १८ टक्के कराचे १,५४८, असा त्याचा हिशेब होता. प्रत्यक्षात मोटर बदललेली नव्हती, मशीन बदललेले नव्हते, कार्डाला कोणी हातही लावलेला नव्हता आणि कर म्हणून एक रुपयाही घेण्याचा त्या गॅरेजला अधिकार नव्हता. एका तुटलेल्या वायरीची दोन टोके पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळलेली होती, एवढेच काय ते काम झाले होते. हे कसे उघडकीस आले ते सविस्तर लिहीत आहे, कारण पावसाळ्यात अशा काचा बंद पडण्याचे प्रमाण वाढते आणि दाराच्या आत काय चालले आहे हे गाडीमालकाला दिसत नसते.

बिघाडाची लक्षणे आधी नीट सांगते, कारण खरा दोष त्या लक्षणांवरूनच ओळखता येण्यासारखा होता. काच एकदम बंद पडली नाही. ऐन जुलैत ती कधी चाले, कधी चालत नसे. ती चालत नसे तेव्हा चालकाच्या पॅनेलवरून उरलेल्या तिन्ही काचाही हलत नसत, मात्र त्या त्या दारावरील स्वतंत्र बटणाने त्या व्यवस्थित खाली-वर होत. चालकाचे दार अर्धवट उघडून बटण दाबले की बहुधा काच चालू होई आणि दार ओढून घेतले की पुन्हा ठप्प. बंद अवस्थेत बटण दाबल्यावर दारातून मोटरीचा बारीकसाही आवाज येत नसे आणि छताचा दिवा किंचितही मंद होत नसे. बटण दाबताच दिवा क्षणभर मंद झाला, तर मोटरीपर्यंत करंट पोहोचतो आहे आणि मोटर किंवा काच अडकली आहे, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. दिव्यावर काहीच परिणाम होत नसेल, तर करंट वाटेतच कुठेतरी थांबला असण्याची शक्यता अधिक.

साध्या बनावटीच्या गाडीत चारही दारांत बारा व्होल्टची स्वतंत्र मोटर असते आणि ती केबलच्या किंवा कात्रीसारख्या पट्ट्यांच्या यंत्रणेने काच उचलते. या यंत्रणेलाच गॅरेजमध्ये सगळे जण 'मशीन' म्हणतात. चालकाच्या दारावरील पॅनेलला करंट मिळतो तो गाडीच्या खांबातून दारात शिरणाऱ्या वायरींच्या जुडग्यातून, आणि बिजागरीपाशी त्या जुडग्यावर घड्यांची एक रबरी नळी बसवलेली असते. गाडीतील सर्वांत जास्त वेळा उघडले जाणारे दार चालकाचेच. त्यामुळे त्या नळीतील वायरी वर्षानुवर्षे वाकून वाकून तुटतात. पुष्कळदा बाहेरचे वेष्टन शाबूत राहते आणि आतली तांब्याची तारच तेवढी तुटलेली असते. दार एका विशिष्ट कोनात आले की टोके एकमेकांना टेकतात आणि काच चालते. एक मोटर जळाल्याने बाकीच्या तीन काचा पॅनेलवरून बंद पडत नाहीत आणि जळालेली मोटर दार अर्धे उघडल्याने जिवंत होत नाही. आमच्या गाडीतील लक्षणे सरळ सरळ या नळीकडे बोट दाखवत होती.

गॅरेजमालकाला मी हे सर्व जसेच्या तसे सांगितले होते. "मॅडम, मोटर बसलीये. पावसाचं पाणी गेलंय आत. त्यानं पॅनेलचं कार्डपण शॉर्ट झालंय," असे त्याने दाराला हात लावण्यापूर्वीच जाहीर केले. मल्टीमीटर राहिला बाजूला, करंट येतो की नाही हे दाखवणारा साधा टेस्ट लॅम्पसुद्धा त्याने लावून पाहिला नाही. मग बाकीच्या काचा पॅनेलवरून का चालत नाहीत, या प्रश्नावर "ते सगळं आतून कनेक्टेड असतं, तुम्हाला नाही कळायचं ते," असे उत्तर मिळाले.

गाडी परत मिळाली तेव्हा काच चालत होती. मालकाने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुनी मोटर माझ्यापुढे ठेवली. तिच्यावर वाळलेल्या ग्रीसचा आणि मातीचा थर होता, जोडणीची एक पिन वाकलेली होती आणि बाजूला कागदी लेबल होते. मी तिचा फोटो काढून घेतला. मोटर मला हवी आहे असे म्हटल्यावर, ती कंपनीला परत करावी लागते, असे सांगण्यात आले. नव्या मोटरीचा खोका विचारला तर तो 'पोरांनी टाकला' होता. पैसे मी यूपीआयने दिले आणि हातात पडला तो 'अंदाजपत्रक' असे छापलेला कागद, ज्यावर जीएसटी क्रमांक नव्हता, मात्र १८ टक्क्यांची ओळ सुवाच्य अक्षरात होती.

नंतरच्या मोठ्या पावसात चालकाच्या पायाखालचे मॅट ओले होऊ लागले आणि काही आठवड्यांत काच अगदी त्याच लक्षणांसह पुन्हा बंद पडली. या वेळी आमच्या सोसायटीजवळ रिक्षा-टेम्पोंच्या वायरिंगची कामे करणाऱ्या एका वयस्कर इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्यांनी सगळे ऐकून घेतले, दार हळूहळू उघडत एका हाताने बटण दाबून ठेवले आणि काच हलताच दार तिथेच थांबवले. मग बिजागरीजवळची रबरी नळी खांबाच्या बाजूने सोडवून मागे सरकवली. आत एका जाड वायरीवर चकचकीत काळ्या टेपचे वेटोळे होते. "ताई, ही टेप कंपनीची नाही, आणि जुनीही नाही. डिंक बघा, अजून बोटाला लागतोय," असे म्हणून त्यांनी वेटोळे उलगडले. आतली तार नुसती पिळलेली होती, डाग (सोल्डर) दिलेला नव्हता, आणि दार उघड-मीट होताना ती पुन्हा सुटली होती. टेस्ट लॅम्प खांबाच्या बाजूला लावला तर पेटत होता, जोडाच्या पलीकडे लावला तर नाही.

पहिल्या गॅरेजला खरा दोष सापडला होता, याचा हा पुरावा. चुकीचे निदान करून विनाकारण मोटर बदलणारे कारागीरही असतात आणि त्यांच्यावर अज्ञानाचा ठपका ठेवता येतो, पण इथे दोष शोधून, तो कसाबसा लपवून, न बसवलेल्या भागांचे पैसे घेतले गेले होते.

माझ्या विनंतीवरून इलेक्ट्रिशियननी दाराचा पॅडही, म्हणजे आतले आवरणही, उतरवला. पॅडच्या दोन क्लिपा तुटलेल्या होत्या. पॅडमागे पाणी अडवण्यासाठी प्लॅस्टिकचा जो पडदा काळ्या चिकट पट्टीने डकवलेला असतो, तो खालच्या कोपऱ्यात फाडून तसाच सोडलेला होता, आणि मॅट ओले होण्याचे कारण तेच होते. त्या फटीतून मोटर बाहेर काढणे तर दूरच, तिथपर्यंत हातही पोहोचत नव्हता. पडदा पूर्ण सोडवल्यावर मोटर दिसली. तिच्या बोल्टांवर कारखान्यात मारलेली पिवळी रेघ बोल्टच्या डोक्यावरून पत्र्यापर्यंत अखंड होती. बोल्ट एकदा जरी फिरवला असता तरी ती रेघ तुटली असती. मोटरीच्या लेबलवर गाडीच्याच निर्मितीचे वर्ष होते आणि 'आरएच', म्हणजे उजवी बाजू, अशी अक्षरे होती. पॅनेल उघडले तेव्हा कार्डावर वर्षानुवर्षांची धूळ एकसारखी बसलेली होती. वायरीला डाग देऊन त्यावर स्लीव्ह चढवणे, तुटलेल्या क्लिपा बदलणे आणि पडदा नव्या पट्टीने पुन्हा चिकटवणे, या सगळ्याचे त्यांनी ३५० रुपये घेतले.

घरी येऊन मी जुन्या मोटरीचा फोटो मोठा करून पाहिला. लेबलवर 'एलएच' होते. नाना पेठेत सुट्या भागांच्या एका दुकानात फोटो दाखवला तेव्हा दुकानदाराने लेबलकडे एकदा पाहून, ही डाव्या दाराची मोटर आहे, असे सांगितले. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. माझ्या उजव्या दारातून डाव्या दाराची मोटर कशी निघाली, याचे उत्तर मालकाकडे गेल्यावरही मिळाले नाही. "इलेक्ट्रिकल मालाला गॅरंटी नसते मॅडम," हे एकच पालुपद त्याने चालू ठेवले, जणू मी खराब निघालेली मोटर बदलून मागायला गेले होते.

त्या दुकानात आणि नंतर त्या इलेक्ट्रिशियनशी बोलताना या धंद्यातील आणखी काही प्रकार कळले. काच हळू चढते, करकरते, मध्येच अडते, याचे कारण पुष्कळदा काचेच्या दोन्ही बाजूंच्या रबरी चॅनलमध्ये साठलेली धूळ एवढेच असते. चॅनल पुसून सिलिकॉन स्प्रे मारल्यावर काच सुधारते, पण गिऱ्हाइकाला 'मोटर वीक झाली' असे सांगितले जाते. (तिथे इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावणाऱ्यापासूनही सावध राहावे, त्यावर धूळ चिकटते आणि रबरही खराब होते.) काच सतत खाली-वर केली तर मोटर तापून आतील संरक्षक यंत्रणेमुळे काही वेळ बंद पडते आणि थंड झाल्यावर आपोआप चालू होते. ही बंद अवस्था दाखवून मोटर 'मेली' असे सांगणारे आहेत. बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावर एका स्पर्शात पूर्ण वर जाणारी काच काही गाड्यांत तशी जाईनाशी होते. पुष्कळ गाड्यांत काच पूर्ण बंद करून बटण काही सेकंद वर ओढून धरले की ती पूर्ववत होते, कृती गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, आणि तरीही त्यासाठी 'प्रोग्रॅमिंग'चे पैसे आकारले जातात. मोटर खरोखर जळते, नाही असे नाही. मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि काच मात्र जागची हलत नाही किंवा धाडकन आत पडते, तेव्हा मशीनची केबल बहुधा खरोखरच तुटलेली असते. अनेक गाड्यांना मोटर आणि मशीन एकत्रच घ्यावे लागते, त्यामुळे मोठा खर्च सांगणारा प्रत्येक जण लबाडच असतो असे मला म्हणायचे नाही. मात्र साध्या बनावटीच्या गाडीत मोटरीची तार सोडवून तिला थेट बारा व्होल्ट देऊन पाहणे हे काही मिनिटांचे काम आहे, आणि ते आपल्यासमोर करून दाखवायला जो तयार नाही त्याला दार उघडू देऊ नये.

बिलाचा भाग मला वेगळा मांडावासा वाटतो, कारण काचेपेक्षा तो जास्त गाड्यांना लागू आहे. 'अंदाजपत्रक' म्हणजे बिल नव्हे. ज्याची जीएसटी नोंदणीच नाही त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वसूल करता येत नाही. नोंदणी असेल तर बिलावर पंधरा अंकाक्षरांचा क्रमांक असतो, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. बंद खोक्यातून येणाऱ्या सुट्या भागावर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते, म्हणून त्या किमतीवर पुन्हा कर लावणे हीसुद्धा लूटच. खोका 'पोरांनी टाकला' की ही तुलना करण्याचा मार्गच बंद होतो. जुना भाग परत हवा असल्याचे गाडी ताब्यात देतानाच कामाच्या कागदावर लिहून घ्यावे आणि मोटरीवरील लेबलचा फोटो ती बसवण्यापूर्वी घ्यावा.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि गॅरेजला स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवली. त्यानंतर मालकाचा फोन आला. मोटरीचे ४,८०० रुपये रोख घ्या आणि 'काहीही तक्रार नाही' असे लिहून द्या, असा त्याचा प्रस्ताव होता. मी तो नाकारला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क पडत नाही. मी जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली. तिच्यासोबत अंदाजपत्रक, यूपीआयची नोंद, दोन्ही मोटरींचे आणि अखंड पिवळ्या रेघेचे फोटो, आणि त्या इलेक्ट्रिशियनने सहीनिशी लिहून दिलेला तपासणीचा तपशील जोडला. गॅरेजचे लेखी उत्तर आता आले आहे. मला दाखवलेली मोटर दुसऱ्या गिऱ्हाइकाची होती आणि ती माझी म्हणून नजरचुकीने दाखवली गेली, असे त्यात म्हटले आहे. माझ्या दारातून काढल्याचे सांगितलेली मोटर मग कुठे गेली, याबद्दल त्या उत्तरात एक ओळही नाही.