मॅकआयव्हर्स लेडीज बाथ्स, कूजी: विहिरीत शिकलेल्या बाईचा अभिप्राय

पाण्यात शेवटची उतरले होते ती 1973 साली, वाळवा तालुक्यातल्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत. तेरा वर्षांची होते. पाठीला वाळका भोपळा बांधून थोरल्या भावानं ढकललं होतं ते सातव्या वर्षी. तेराव्या वर्षी मी त्याच्याआधी तळाची माती मुठीत घेऊन वर यायचे. मग एक दिवस आजी थारोळ्यापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता पुरं. पोरं बघत्यात." झालं. तिथंच माझं पोहणं संपलं.

रिटायर झाल्यावर आमच्या शहरातल्या तरणतलावात एकदा जाऊन पाहिलं. बायकांची वेळ दुपारी दोन ते तीन. एप्रिलच्या उन्हात त्या फरशीवरून चालायचं म्हणजे तव्यावरून चालायचं, आणि कठड्यापलीकडे बघे उभे. पैसे भरले होते महिन्याचे, गेले एकच दिवस.

त्यामुळे लेकीनं सिडनीत आल्याबरोबर "आई, बायकांचाच एक तलाव आहे, समुद्रात," म्हटलं तेव्हा मी मान हलवली आणि भाजी निवडत बसले. समुद्रात कसला तलाव?

तर आहे. कूजी हे सिडनीचंच समुद्राकाठचं उपनगर. तिथल्या किनाऱ्यावरून समुद्राकडे तोंड केलं की उजव्या हाताला चढ लागतो. त्या चढावरून पाचसात मिनिटं गेलं की कड्याच्या अंगाला एक साधं फाटक दिसतं. बाहेरून आत काही म्हणजे काही दिसत नाही. दारात एक बाई टेबल टाकून बसलेली होती, दोन-तीन डॉलर घेतले, हसली. पूर्वी म्हणे वीस सेंट घ्यायच्या आणि ते आपणच डब्यात टाकायचे. चालवतात त्याही बायकाच, 1920च्या दशकापासून, पोहणाऱ्या बायकांची संस्था आहे. जागा त्याहून जुनी, 1886पासूनची. नाव मॅकआयव्हर नावाच्या जोडप्यावरून पडलं, त्यांनी ती पुढे सांभाळली. पुरुषांना प्रवेश नाही. लहान मुलगे आईबरोबर चालतात. 1990च्या दशकात एका पुरुषानं यावर तक्रारही केली होती. शेवटी 1995मध्ये राज्याच्या भेदभावविरोधी कायद्यातून या जागेला सूट मिळाली. जावईबापू आम्हाला सोडून वरच्या हिरवळीवर पेपर वाचत बसले, तेही कायद्यानंच.

आत गेलं की उतरत्या हिरवळीवर बायका टॉवेल पसरून पडलेल्या. खरं सांगते, काहींच्या अंगावर वरचे कपडे नव्हते. पहिली पाच मिनिटं डोळे कुठं ठेवावेत कळेना, मी आपली समोरच्या वेडिंग केक बेटाकडे बघत राहिले. (बेट कसलं, फेस येणारा खडक आहे.) त्यांच्या शेजारीच डोक्यापासून घोट्यापर्यंत झाकलेल्या तीन मुली मोसंबी सोलून खात होत्या. तो बुर्किनी नावाचा पोशाख मुळात सिडनीतच एका लेबनानी वंशाच्या बाईनं तयार केलेला आहे, हे मला तिथंच लेकीनं सांगितलं. मीही तसलाच पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याखाली येणारा घेतला होता. थोड्या वेळानं ध्यानात आलं की कुणीच कुणाकडे बघत नाहीये. आजीला दाखवायला हवं होतं.

आता पाण्याचं. कुंड म्हणजे खडकातच आहे; समुद्राच्या बाजूला भिंत घातली आहे आणि भरतीला लाटा त्या भिंतीवरून आत येतात. पाणी रोज असं आपोआप बदलतं, क्लोरीनचा वास नाही. तळ सपाट नाही, कुठं कंबरेएवढं, कुठं पाय टेकत नाहीत. खाली काँक्रीटच्या पायऱ्यांनी जायचं. शेवटच्या तीन-चार पायऱ्यांवर शेवाळ आहे, पन्हाळ्याच्या पावसाळी पायऱ्यांवर असतं तसं, हिरवं आणि लोण्यासारखं. माझे गुडघे बरे नाहीत. मी कठडा दोन्ही हातांनी धरून, तोंड पायऱ्यांकडे करून, शिडी उतरावी तशी उतरले आणि तुम्हीही तसंच उतरा. लाज बाळगू नका, तिथल्या म्हाताऱ्याही तशाच उतरतात.

नोव्हेंबर होता, म्हणजे इकडचा उन्हाळा तोंडावर. पाणी वीसच्या आसपास. वीस अंश ऐकायला बरं वाटतं, पोटरीला लागलं की कळतं. कंबरेपर्यंत उतरून मी तिथंच अडकले. पुढे जाववेना, मागे फिरायची लाज. लेक पलीकडून ओरडतेय, "आई, एकदम बूड, एकदम!" ऐंशीच्या पुढची एक बाई फुलाफुलांची टोपी घालून माझ्या शेजारून गेली आणि जाता जाता माझ्या पाठीवर गार पाण्याची ओंजळ टाकली. ओळख ना पाळख! भावानं ढकललं होतं त्याचीच आठवण झाली. मी नाक दाबलं आणि बुडाले.

विहिरीत शिकलेल्यांना एक सांगते. खाऱ्या पाण्याची वेगळीच तऱ्हा आहे. विहिरीत हातपाय थांबवले की पाणी तुम्हाला खाली घेतं, इथं ते वर ढकलतं. मी सवयीनं जोरात हात मारायला लागले तर निम्मी शक्ती फुकट. पाठीवर पडले तर नुसतीच पडून राहिले, भोपळा न बांधता. तेवढ्यात भिंतीवरून एक लाट आली, आधी नुसती रेघ, मग पांढरी झालर, आणि सगळं कुंड वाटीतल्या ताकासारखं डुचमळलं. तोंडात खारट पाणी गेलं, नाकात झोंबलं, डोळ्यांतून पाणी आलं. तळाशी खडकाच्या खाचेत काळे काटेरी गोळे बसलेले असतात, समुद्री साळिंदरच म्हणा ना. त्यांच्यावर पाय टेकू नका. एक खेकडा भिंतीवर बसून आम्हा सगळ्या बायकांवर नजर ठेवून होता. पुरुष असेल तर कळायला मार्ग नाही.

दुसरं संकट निळ्या जेलीफिशसारख्या ब्लूबॉटलचं. पावसाळ्यात आपल्या जुहूलाही येतात त्याच. इथं उन्हाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की किनाऱ्याला लागतात. डंख झाला तर लिंबू-हळद करत बसू नका. सोसेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे 45 अंशांच्या आसपास, वीस मिनिटं भाग बुडवून ठेवायचा. ईशान्येचा वारा असेल त्या दिवशी मी वर बसून फक्त चहा पिते.

त्याच रस्त्यानं आणखी थोडं पुढं गेलं की वायलीज बाथ्स लागतं. ते सगळ्यांचं, पन्नास मीटरचं, लाकडी खांबांवर उभारलेल्या फळ्यांचं. दिसायला ते जास्त देखणं आहे हे मान्य करते. तिथं मिना वायलीचा पुतळा आहे. तिच्या वडिलांनी 1907मध्ये ते बांधलं. 1912च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये बायकांच्या पोहण्याच्या शर्यती पहिल्यांदाच झाल्या, त्यात शंभर मीटरला फॅनी ड्युरॅकला सुवर्ण आणि या मिनाला रौप्य. पण जायच्या आधी अडचण काय, तर पुरुष बघत असतील तिथं बायकांनी शर्यतीत उतरायचं नाही, असा बायकांच्याच पोहण्याच्या संस्थेचा नियम. आणि तो नियम धरून बसलेली अध्यक्षा रोझ स्कॉट कोण? बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून झगडलेली. लोकांनी ओरड केली, नियम बदलला, तिनं राजीनामा दिला, पोरी वर्गणीच्या पैशावर बोटीनं गेल्या आणि पदकं घेऊन आल्या. मी पुतळ्यापाशी बराच वेळ उभी होते. मला दोघींचंही पटत होतं. मिनाच्या बाजूनं आहेच मी, पण पोहायला मात्र मागं वळून बायकांच्याच कुंडात गेले.

उणं काढायचंच तर पायऱ्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी नीट विचार करून जावं. आत खायला मिळत नाही. थर्मासमध्ये चहा आणि डब्यात काहीतरी न्या, पण चिवडा उघडा ठेवू नका, सीगल पक्षी आपल्या कावळ्यांच्या वरताण आहेत. फोटो काढायला मनाई आहे. मुलगा पुण्याहून रोज विचारतो, "आई, पुरावा?" नाही पुरावा. शॉवर गार पाण्याचा. सनस्क्रीन लावाच, मी पहिल्या दिवशी "आपल्याला ऊन काय नवीन?" म्हणाले आणि संध्याकाळी नाकाची साल निघाली. समुद्र खवळला असेल त्या दिवशी उतरू नका, लाट भिंतीवरून येते ती माणसाला विचारून येत नाही. आणि सकाळी सातला जा. अकरानंतर टॉवेल टाकायला जागा मिळत नाही.

कूजी या नावाचा मूळ अर्थ म्हणे कुजक्या शेवाळाचा वास. वास येतोही कधीकधी, विशेषतः वादळानंतर. आमच्या विहिरीलाही यायचा, उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की.

आतापर्यंत अकरा वेळा जाऊन आले. फुलांच्या टोपीवाल्या बाई सांगतात की पाणी खरं ऊबदार होतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. माझं परतीचं तिकीट 30 जानेवारीचं आहे. जावईबापूंना विचारलंय, तारीख पुढं ढकलायला किती पैसे पडतात ते बघा म्हणून.